तापमान-घट अभियान

मोरबीच्या एका कारखान्यात गॅसवर ठेवता येणारी चिनीमातीची भांडी होत. ती तेराशे अंशांना भाजावी लागत. वर्षाबेन देत्रोजांनी वर्षानुवर्षं खपून असं मिश्रण शोधलं, की तीच भांडी साडेअकराशेलाही तितकीच पक्की होऊ लागली. गॅस वाचला, शेठ वालजीभाईंनी पेंडे वाटले. येथवर सर्व ठीक होते.

मग तापमान-घट समिती स्थापन झाली. मातीला हात लावलेलं तीत कोणी नसल्यामुळे एकमत चटकन झालं. पुढचं उद्दिष्ट नऊशे.

"शेठ, नऊशेला भांडं कच्चं राहील."

"बेन, तेराशेच्या खाली जमणार नाही असंच सगळे म्हणायचे. तुम्ही जमवलंत. आता तुम्हीच मोडता घालता?"

भांडी बाजारात गेली आणि आचेवर तडकू लागली. चौकशीअंती आढळलं की दोष भांड्यांचा नव्हता. ग्राहक ती अवाजवी तापवत होते. 'मंद आचेवर वापरावे' अशी सूचना छापली गेली. पाचशेला उतरल्यावर 'शिजवलेले अन्न वाढण्यासाठी', आणि पुढे 'अन्न निवल्यावर'. नावातला 'उष्णतारोधक' शब्द कायम राहिला, कारण उष्णतेला इतका विरोध आजवर कुठल्याच भांड्याने केला नव्हता.

वर्षाबेनच्या नणंदेने, कैलासबेनने, सूचना न वाचता त्यात उकळती कढी ओतली. बूड सुटलं, पाय भाजला.

"भाभी, तुमच्याच कारखान्याचं म्हणून घेतलं हो," एवढंच ती म्हणाली.

वर्षाबेननी मालाच्या दर्जा-दाखल्यांवर सही करायचं सोडलं. कारखान्याने त्यांना बढती दिली. त्या पदाला सही लागत नव्हती.

अखेर भट्टी बंद झाली. भांडी उन्हात वाळू लागली. अहमदाबादच्या एका समारंभात कारखान्याला शून्य तापमान-खर्चाचा पुरस्कार द्यायचं ठरलं आणि मूळ संशोधक म्हणून वर्षाबेनना मंचावर बोलावलं. त्यांनी भाषण केलं नाही. बक्षीसपात्र वाडगा टेबलावर ठेवला आणि त्यात पेलाभर पाणी ओतलं. थोड्या वेळाने टेबलावर चिखल झाला.

"ही नुसती माती आहे," त्या म्हणाल्या. "भाजलेलीच नाही."

मग पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी भारावून विचारलं, "म्हणजे वापरून झाल्यावर आपोआप निसर्गात परत जाते?"

टाळ्या थांबेनात. वालजीभाईंनी तिथेच देशभरच्या मागण्या घेतल्या.

आपल्याकडेही एखादा नग आला असेल. हिरवं पान छापलेला, दुप्पट किमतीचा. शंका असल्यास खुशाल तपासून पाहा. फक्त तापवू नका, भिजवू नका, हमी जाते.