जर्मलचं भगुनं

कुसुमताईंनी केलेल्या साबणाची शेवटची वडी झिजून झिजून चिंचोक्याएवढी झाली, तेव्हा मुकुंदराव मास्तरांनी ती नाकाशी धरली. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. साड्या लेकीनं नेल्या. तिचा वास तेवढा त्या करडईच्या तेलाच्या साबणात उरला होता, आणि आता तोही मोरीतून वाहून जाणार होता. मास्तरांनी ठरवलं, साबण आपणच करायचा. जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता, पण असो.

कलबुर्गीहून नेत्रानं फोनवर बजावलं, "बाबा, कॉस्टिक सोडा हाय तो, खेळ न्हाई. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात अजिबात करू नका!"

"अगं, अ‍ॅल्युमिनियम आपल्या घरात हायच कुठं? तुझ्या आईचं जर्मलचं भगुनं घेतलंय. जर्मनीचा माल, भक्कम असतोय."

पण फोन तोवर कटला होता. हुलसूरच्या रेंजला नेमकी वेळ साधता येते.

अंगणात बसून मास्तरांनी भगुन्यातल्या पाण्यात सोडा सोडला. भगुनं आधी कुजबुजलं, मग फसफसलं, मग असं उकळायला लागलं की खाली चूल तर नाही ना, हे मास्तरांनी वाकून बघितलं. झणझणीत वाफ नाकात शिरली. ते मागं सरले, खुर्ची उलटली. भगुनं काळंठिक्कर पडलं आणि जुन्या बुडातून धार लागली, ती थेट शेजारच्या लिंगम्माच्या अबोलीत. काय नशीब बघा! वास राखायला निघालेला माणूस भांडंही घालवून बसला.

लिंगम्मा धावत आली. "अय्यो मास्तर! काय करायलाव हे?"

"साबण."

"जर्मलमधी? अक्का तर रंगाच्या प्लास्टिकच्या बादलीत करत होत्या. तुमीच न्हाई का ती मला दिलाव, म्हशीच्या पेंडीला?"

"रंगाच्या बादलीत कामून? घरात एवढं मोठं भगुनं असताना?"

लिंगम्मानं उलटलेली खुर्ची सरळ केली. "जर्मल म्हंजे अ‍ॅल्युमिनियमच की, मास्तर. स्टीलचं पायजे म्हणून लई मागं लागल्या होत्या की तुमच्या. तुमी म्हणत होताव, जर्मल हाय की, जर्मनीचा माल."

मास्तरांना सगळं आठवलं. दर दिवाळीला ती मागायची, दर दिवाळीला ते हेच म्हणायचे, आणि वर हसायचे. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"सोडा गेला काय डोळ्यात?" म्हणत लिंगम्मानं तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. मास्तरांनी मारू दिलं.

संध्याकाळी त्यांनी वीरभद्रप्पाच्या दुकानातून स्टीलचं मोठं भगुनं घेतलं. वीरभद्रप्पानं नाव कोरायचं मशीन उचललं.

"नाव काय घालू, मास्तर?"

"कुसुम मुकुंदराव."

"आधी 'कै.' घालायचं न्हवं?"

मास्तरांनी त्या कोऱ्या भगुन्यावरून हात फिरवला.

"न्हाई, 'सौ.' घाला," ते म्हणाले. "तिनं मागितलं तवा ती सौ. होती."