बाळ काही केल्या गप्प बसेना

नाट्यस्पर्धेची अंतिम फेरी, नाट्यगृह खचाखच भरलेलं, आणि दुसऱ्या अंकात बाळ रडायला लागलं ते थांबेचना. बाळ अर्थात खरं नव्हतं. ते मागच्या काचेच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि त्याला सांभाळायला घरची धाकटी सून बसली होती. नाटक थोरल्या दिरांनी बसवलेलं, नायिका जाऊबाई, दिवे नवऱ्याकडे. काही बिघडलं तर घरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

झालं होतं एवढंच, की पहिल्यांदा आवाज आला नाही म्हणून धाकटीने प्रोग्रॅम पुन्हा उघडला, आणि मग दोन्ही एकदम जागे झाले. एक तिने बंद केला. दुसरा कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठे दडून बसला होता कोण जाणे.

"अगं, थांबव ना त्याला," शेजारून नवरा कुजबुजला.

"तेच करतेय. सापडत नाहीये."

"कोण?"

"बाळ."

रंगमंचावर नायक, जो एरवी दातांचा डॉक्टर होता, बायकोचा कायमचा निरोप घेत होता. बाळाच्या रडण्यावर आवाज चढवता चढवता त्याचा निरोप भांडणासारखा वाटू लागला. जाऊबाई मुरलेल्या नटी. "बघते हं त्याला," म्हणत त्या आत गेल्या. तरी रडणं चालूच. शेवटी विंगेतली शाल गुंडाळून त्या बाळच बाहेर घेऊन आल्या आणि थोपटू लागल्या. हे बाळ रंगमंचावर यायचंच नव्हतं. दिरांनी विंगेत डोक्याला हात लावला.

त्याच क्षणी धाकटीला ऑफिसातली युक्ती आठवली. शोधत बसायचंच नाही. सरळ कॉम्प्युटरला लेखी हुकूम द्यायचा: या नावाचे जेवढे प्रोग्रॅम चालू असतील, तेवढे सगळे बंद कर. तिने भराभर हुकूम टाइप केला, पुढे प्रोग्रॅमचं नाव घातलं.

"थांब," नवरा दचकून म्हणाला, "माझे दिवेसुद्धा याच कॉम्प्युटरवर, त्याच प्रोग्रॅमवर..."

बटण दाबून झालं होतं.

बाळ गप्प झालं. दिवेही गेले. मिट्ट काळोखात चारशे माणसं श्वास रोखून बसली. धाकटीला वाटलं, आता आपणही कुठल्या तरी हुकमाने बंद व्हावं.

तेवढ्यात अंधारातून जाऊबाईंचा दमलेला आवाज आला, "झोपलं हो एकदाचं."

टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. नवऱ्याने दिवे परत लावले. डॉक्टरने उरलेला निरोप बाळ उठू नये म्हणून कुजबुजत घेतला, आणि पहिल्यांदाच लोकांनी डोळे पुसले.

निकालाच्या वेळी दीर तिच्याशी बोलत नव्हते. परीक्षक उभे राहिले.

"बालकलाकाराचं खास बक्षीस," ते गहिवरून म्हणाले, "या बाळाला. एवढंसं मूल, पण नेमकं रडलं आणि नेमकं झोपलं. आईने त्याला घेऊन वर यावं."

दिरांनी सावकाश वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. जाऊबाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. शाल नीट छातीशी धरून त्या पायऱ्या चढल्या. परीक्षकांनी कौतुकाने शालीचं टोक उचलायला हात पुढे केला.

"नका हो," जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आत्ता कुठे डोळा लागलाय."

परीक्षकांनी चटकन हात मागे घेतला, आणि पुढची सगळी बक्षिसं माइकवर कुजबुजत जाहीर केली.