पहिल्या प्रसारणातली शिंक

"अगं, दुधी नको म्हटलं ना!"

जुन्या टेपमधून हे वाक्य ऐकू आलं आणि आलोचने कपाळावर हात मारून घेतला. या टेपवर दुधी असायचं काही कारण नव्हतं. तिथे असायला हवं होतं या रेडिओ केंद्राचं पहिलंवहिलं प्रसारण, पहिले निवेदक नाना यांच्या आवाजात.

आलोच हा केंद्रावरचा निर्माता. कुणीही हाक मारली की धावत "आलोच!" म्हणायचा, म्हणून हे नाव पडलं. आजही एका हातात बायकोचा फोन धरून त्याने दुसऱ्या हाताने टेप तपासण्यासाठी मशीनवर लावली आणि घाईघाईत 'प्ले'ऐवजी 'रेकॉर्ड' दाबलं. इतिहास पुसला गेला आणि त्यावर भाजी उमटली.

साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "आज आपल्या केंद्राचा इतिहास थेट प्रसारणात सांगायचाय. शेवटी ती टेप. नाना स्वतः येतायत. टेपला काही झालं ना, तर निवृत्त होईपर्यंत बाजारभाव वाचत बसशील!"

"बाई, मी मेलो," तो तंत्रज्ञ बाईंना म्हणाला.

"मरा सावकाश. आधी कार्यक्रम आहे," बाई मान वर न करता म्हणाल्या. "ही टेप ऐकलीय कुणी?"

"कुणीच नाही. ती वाजवायचं मशीन आत्ता कुठे दुरुस्त झालंय."

"मग रडताय कशाला? पलीकडच्या स्टुडिओत बसा आणि व्हा नाना."

त्याला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. कार्यक्रम सुरू झाला. साहेब इतिहास सांगता सांगता इतके रंगले, की केंद्राची इमारत जणू त्यांनीच विटा वाहून बांधली असं वाटावं. शेवटी ते गहिवरून म्हणाले, "आणि आता, तो ऐतिहासिक क्षण!"

पलीकडे आलोचने तोंडाला स्टीलचा पेला लावला. आवाज जुनाट वाटावा म्हणून बाई टेपचा पुठ्ठ्याचा खोका माइकजवळ खरखर घासू लागल्या.

"श्रोतेहो, नमस्कार. आज आपल्या केंद्राचा..."

खोक्यावरची कित्येक वर्षांची धूळ थेट त्याच्या नाकात गेली.

"...शुभा... शुभा... आआक्छी!"

पेल्यातून ती शिंक घरोघरी घुमली. आपण सोयाबीनचे भाव वाचत बसलोय, असं आलोचला दिसू लागलं. तेवढ्यात फोन खणखणला.

"अगदी हीच शिंक!" एक आजोबा थेट प्रसारणात ओरडले. "अजून कानात आहे माझ्या!"

मग फोनची रांगच लागली. एका बाईंच्या आजीने म्हणे तेव्हा रेडिओला गरम पाणी पी म्हणून सांगितलं होतं. एका डॉक्टरांनी तेव्हाच सर्दी ओळखली होती. एक गृहस्थ तर भडकलेच, "शिंका तीन होत्या! दोन का कापल्या?" साहेब जाहीर माफी मागून शेजारी बसलेल्या नानांकडे वळले.

"नाना, तुम्हाला आठवतंय?"

नानांनी काठी सावरली. पलीकडच्या स्टुडिओत आलोचने डोळे मिटून घेतले.

"अगदी अस्संच झालं होतं," नाना म्हणाले. "शिंकेसकट."

कार्यक्रम संपल्यावर नाना काठी टेकत पलीकडच्या स्टुडिओत आले. आलोचने त्यांचे पाय धरले. "नाना, चुकलो. तुमचा आवाज मी पुसला. पण तुम्ही मला का सांभाळून घेतलंत?"

नानांनी दार लोटून घेतलं. "बाबा रे, त्या दिवशी ट्रान्समीटर सुरू करायचाच राहिला होता. मी तासभर बोललो, ते फक्त या भिंतींनी ऐकलं. लाजेपायी आम्ही कुणी कुठे बोललो नाही."

"म्हणजे... हे फोन करणारे?"

"ते मला काय विचारतोस? शिंक तुझी!" नाना खो खो हसले. मग हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. "पण आज सगळ्यांनी मला ऐकलं रे. जन्मभर वाटायचं, निदान एकाने तरी ऐकायला हवं होतं."

तेवढ्यात साहेब दारातून डोकावले. "काय टेप आहे! दर वर्धापनदिनी वाजवायची. जपून ठेव, संध्याकाळी वरचे साहेबही ऐकणार आहेत!"

ते गेले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी दुधीची टेप पुन्हा रेकॉर्ड करायला मशीनवर चढवली. आलोच पेला उचलायला गेला, तर नानांनी तो आधीच घेतला होता.

"या खेपेला मी बोलतो," खुर्चीत ताठ बसत ते म्हणाले. पेला तोंडाशी नेता नेता मात्र थबकले. "बाई, तेवढं आधी बघा हं... चालू आहे ना?"