शहाजीचं मंजूर झालेलं मत

कतारमधल्या रास लफानच्या एका कंत्राटी कंपनीने कामगारांना मत मांडायचं स्वातंत्र्य दिलं. वेळ गुरुवारी चार ते सव्वाचार. मत मात्र आठ दिवस आधी लेखी द्यायचं होतं, कारण कामगारांचे हक्क पाहायला बाहेरून पाहुणे येणार होते आणि पाहुण्यांपुढे कच्चं मत ठेवणं बरं दिसत नाही.

अर्ज एकच आला, शहाजीचा. शहाजी बीडकडचा, एसी मेकॅनिक. दिवसभर तो साइटवरचे एसी दुरुस्त करी आणि एसी बंद पडलेल्या बसमधून कॅम्पवर परते. बस दुसऱ्या कंत्राटात मोडत असल्यामुळे तिला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. त्याच आठवड्यात त्याच्या खोलीतला किसन बसमध्ये चक्कर येऊन पडला होता. शहाजीने अर्जात लिहिलं, ‘बसचा एसी बंद आहे.’

ऑफिसात अर्ज घेणाऱ्या सॅन्ड्रा मॅडम वसईच्या. वाचून त्या म्हणाल्या, “शहाजी, हे मत नाही. ही माहिती आहे. माहिती मेंटेनन्सला जाते.”

“मेंटेनन्सला चारदा दिली, मॅडम. ते म्हनले, हे तुमचं मत हाय.”

सॅन्ड्रांनी कपाळ चोळलं. “मग ‘मला वाटतं’ घाला.”

‘बसचा एसी चालू असावा असे मला वाटते’ हे वाक्य वाहतूक विभागात गेलं. तिथल्या मन्सूरसाहेबांनी शेरा मारला की ‘चालू असावा’ यातून तो चालू नाही असा अर्थ निघू शकतो. ते शब्द गेले. कामगाराला काय वाटतं याची जबाबदारी कंपनी घेऊ शकत नाही, म्हणून कायदा विभागाने ‘मला वाटते’ काढलं. मग एसीला वाक्यात काही काम उरलं नाही. बुधवारी मत मंजूर होऊन आलं, तीन सह्या आणि दोन शिक्क्यांसह. ‘बस आहे.’

“एवढंच बोलायचं?” शहाजीने विचारलं.

“सावकाश बोला,” सॅन्ड्रा म्हणाल्या. “पंधरा मिनिटं आहेत.”

गुरुवारी शहाजी उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, “बस है.” टाळ्या झाल्या. पण पाहुण्यांतल्या हनिया नावाच्या बाईंना उर्दू येत होती. कार्यक्रमपत्रिकेत याची नोंद नव्हती.

“कैसी है बस?” त्यांनी विचारलं.

शहाजीने सॅन्ड्रांकडे पाहिलं. सॅन्ड्रा छताकडे पाहत होत्या. शहाजीला परतीचं विमान दिसायला लागलं. तिसऱ्या रांगेत किसन बसला होता, चेहरा अजून उतरलेला.

“एसी बंद है, मॅडम,” शहाजी म्हणाला. “हमारा आदमी बेहोश हुआ.”

मॅनेजरने सॅन्ड्रांकडे खुलासा मागितला. त्यांनी लिहून दिलं की मंजूर मत शब्दशः वाचण्यात आलं. नंतर बोललं गेलं ते उत्तर होतं आणि उत्तराला मंजुरी घेण्याचा नियम नाही. खरोखरच नव्हता. त्यातच पाहुण्यांनी अहवालात कंपनीच्या मोकळेपणाची स्तुती केली, त्यामुळे शहाजीला घरी पाठवायचं राहून गेलं. रविवारी बस गार झाली आणि किसन खिडकीला डोकं टेकून कॅम्पपर्यंत झोपला.

ही बातमी दोह्यातल्या मराठी मंडळापर्यंत पोचली. मंडळाने शहाजीला शाल आणि नारळ दिला. अध्यक्ष म्हणाले, “परमुलखात आपला माणूस निर्भयपणे बोलला. मराठी बाणा तो हाच.” मग त्यांनी शहाजीला दोन शब्द बोलायला सांगितलं.

“लई आभार,” शहाजी म्हणाला. “एक इचारायचं व्हतं. दर कार्यक्रमाला आमची, ड्रायव्हर-मेकॅनिक लोकांची पंगत साहेब लोकांचं जेवन झाल्यावर का बसती?”

माइक बंद झाला. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. “शहाजीराव, घरातलं चारचौघांत बोलू नये.”

“मग कुठं बोलायचं?”

“ग्रुप आहे ना आपला.”

शहाजीने ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत सूचना आली की सदस्यांच्या सोयीसाठी यापुढे ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहितील. ग्रुपमध्ये एकशे बारा जण होते. कुणालाही काही लिहिता येत नव्हतं, पण अंगठा दाखवायची सोय शाबूत होती. त्या सूचनेला शंभर अंगठे आले.

उरलेल्या बारा जणांत आपण असतो, असं आपल्यापैकी प्रत्येकाला वाटतं.