जलयुक्त सजीव अडथळा

गुरुवार, चौदा मार्च रोजी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी श्रीमती विनिफ्रेड ट्रेलोअर, वय सत्त्याऐंशी, यांचा चेहरा गोठला. तोंड उघडे, भुवया वर, हात हवेत आणि हातात अर्धे लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्याचा केक. तिकडे समुद्रापलीकडच्या होबार्टमध्ये त्यांची थोरली बहीण डॉरीन हा चेहरा टॅब्लेटवर बघत होती. एक मिनिट बघितला, दोन मिनिटे बघितला, चौथ्या मिनिटाला तिने रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिका बॅलरॅटला विनीच्या लेकीच्या सासरी, पेंगेलींच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा विनी परसातल्या आपल्या छोट्या घरात ते उरलेले अर्धे लॅमिंग्टन खात होती. तिची नाडी बघितली गेली, डोळ्यांत उजेड मारला गेला, आज वार कोणता आणि पंतप्रधान कोण हेही विचारण्यात आले.

"वार गुरुवार. पंतप्रधान कोण ते मला माहीत आहे, पण खाताना कशाला आठवण करून देता?" विनी म्हणाली. "आणि मला काहीएक झालेलं नाही. झालंय ते त्या मेल्या वायफायला झालंय."

हे वाक्य तिच्या जावयाने ऐकले, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

जावई म्हणजे नेव्हिल पेंगेली. शेजारच्या गावच्या नगरपालिकेत बांधकाम परवानगी खात्यात चौतीस वर्षे काढून तो निवृत्त झाला होता. या काळात त्याने लोकांच्या गॅरेजांना, पत्र्याच्या शेडना आणि कुंपणांना इतक्या हरकती घेतल्या होत्या, की आता हरकत घ्यायला काही उरले नाही म्हणून बिचारा खंगत चालला होता. रुग्णवाहिका बघून त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत प्रथमच रंग आला.

विनीची मागणी तशी साधी होती. डॉरीनची नजर जात चालली होती. हिवाळा संपेपर्यंत माणसे नुसती सावलीसारखी दिसतील, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. दर गुरुवारी चार वाजता दोघी बहिणी आपापल्या किटलीतून एकाच वेळी चहा ओतत आणि अर्धा तास एकमेकींकडे बघत साऱ्या गावाला नावे ठेवत. एवढेच तिला हवे होते.

"तिला दिसतंय तोवर माझं तोंड बघू दे रे, नेव्ह," विनी म्हणाली. "तेही हलतं. न हलणारं तोंड तिच्याकडे फोटोत आहे."

"विनी, मी या प्रकरणात जातीने लक्ष घालतो," नेव्हिल म्हणाला.

हे ऐकून स्वयंपाकघरात त्याची बायको ग्लेनिस हिच्या हातातली बशी सुटली. तिने सदतीस वर्षे या माणसाचे जातीने लक्ष घालणे जवळून बघितले होते.

नेव्हिलने मेश घ्यायचे ठरवले. सगळे घर एकट्या राउटरच्या गळ्यात न बांधता जागोजागी डब्या ठेवायच्या, आणि त्यांनी सिग्नल एकमेकींच्या हातात देत शेवटच्या खोलीपर्यंत पोचवायचा, असा हा कारभार असतो. कोणत्या डब्या घ्याव्यात यावर त्याने एकोणीस दिवस अभ्यास केला. चारशे बारा लोकांचे अभिप्राय छापून काढले, रंगीत पट्ट्या लावून फाईल केली आणि ती रात्री उशाशी ठेवली.

"नेव्ह, माझ्याशी लग्न करायचं ठरवायला तुला किती दिवस लागले होते?" ग्लेनिसने विचारले.

"शनिवार-रविवार."

"आणि डबीला एकोणीस दिवस?"

"डबी तीस दिवसांनंतर परत करता येत नाही, ग्लेनिस."

शेवटी डब्बो गावच्या कुणा डेसच्या अभिप्रायाने निकाल लावला. डेसने लिहिले होते: "बसवल्यापासून घरातून एकही तक्रार नाही. प्रत्येक खोलीत पूर्ण सिग्नल. घरात संपूर्ण शांतता. पाच तारे." तीन हजार दोनशे लोकांना हा अभिप्राय उपयोगी वाटला होता. घरातून एकही तक्रार नाही! हे वाक्य नेव्हिलने तीनदा मोठ्याने वाचले आणि चष्मा पुसला.

डब्या आल्या. तीन, पांढऱ्याशुभ्र. एक बैठकीच्या खोलीत, एक स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि एक मागे विनीच्या घरात. त्यांच्याबरोबर नेव्हिलच्या फोनवर एक ॲप आले, आणि ते उघडताच मोठ्या अक्षरांत मजकूर झळकला: "तुमच्या घराचे आरोग्य: शंभरपैकी चौसष्ट."

आता सांगा, चौसष्ट म्हणजे काय वाईट आहे? त्या गुरुवारी विनीने डॉरीनला फोन लावला. चित्र एकदाच अडखळले, चहा दोनदा ओतून झाला, गावातली सहा माणसे सोलून झाली. विनी खूश होती. प्रकरण तिथेच मिटायला हवे होते. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, त्याच्या स्वतःच्या घराला कुणीतरी चौसष्ट गुण दिले होते. ते त्याला झोंबले.

सोमवारी त्याला पहिला पुरावा सापडला. परसाच्या मधोमध पेंगेलींचा कपडे वाळत घालायचा लोखंडी खांब होता, वारा आला की गरगर फिरणारा. ग्लेनिसने धुणे वाळत घातले आणि आरोग्य घसरले. नेव्हिल फोन हातात धरून परसात पाऊण तास उभा राहिला. अठ्ठावन्न, एकेचाळीस, अठ्ठावन्न, एकेचाळीस. समुद्रावर न्यायचा मोठा ओला टॉवेल खिडकी आणि मागचे घर यांच्या मध्ये आला, की एकेचाळीस. टॉवेल पुढे सरकला, की अठ्ठावन्न. पाणी सिग्नल पिते, हे त्या दिवशी त्याला कळले.

संध्याकाळी फ्रिजवर परिपत्रक क्रमांक एक लागले. "परसातील फिरत्या खांबावर ओले कपडे वाळत घालावयाचे असल्यास तीन दिवस आधी लेखी अर्ज करावा. टॉवेल व चादरी यांचा विचार केला जाणार नाही."

"अर्ज कुणाकडे करायचा?" ग्लेनिसने विचारले.

"माझ्याकडे."

"आणि तू नाही म्हणालास तर अपील?"

"तेही माझ्याकडेच. पण दुसऱ्या खुर्चीवर बसून ऐकेन."

कपडे पुढच्या व्हरांड्यात गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पेंगेलींच्या चड्ड्यांचे दर्शन घडू लागले. आरोग्य एकाहत्तर झाले. मग मायक्रोवेव्ह सिग्नलमध्ये लुडबुड करतो असे आढळून आल्याने त्याचे दार टेप लावून बंद करण्यात आले. पंचाहत्तर. बिनवायरचा घरचा फोन त्याच गुन्ह्याखाली पकडला गेला आणि माळ्यावर गेला. एकोणऐंशी. माशांची काचेची टाकी म्हणजे तर साठ लिटर उघड अडथळा. ती तिन्ही माशांसकट शेजाऱ्यांना देण्यात आली. चौऱ्याऐंशी.

दरम्यान गुरुवार येत होते आणि जात होते. "यंत्रणा चाचणीखाली आहे. चाचणी चालू असताना वापर करणे नियमात बसत नाही," असे सांगून नेव्हिलने सलग चार गुरुवार विनीचा फोन रद्द केला.

"अरे पण चाचणी कशासाठी चाललीय?" विनीने विचारले.

"तुम्हाला गुरुवारी फोन करता यावा म्हणून."

विनीने मुलीकडे बघितले. मुलीने कपाळाला हात लावला.

चौऱ्याऐंशीच्या पुढे गाडी सरकेना, तेव्हा नेव्हिलने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटे बासरी ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलू लागली.

"सर, दोन डब्यांच्या मध्ये पाण्याचा साठा आहे का?"

"सगळा हलवला. कपडे, मासे, फुलदाणीसुद्धा."

"आणि माणसं, सर?"

"माणसांचं काय?"

"माणसात साठेक टक्के पाणी असतं, सर. माणूस मध्ये उभा राहिला की थोडा फरक पडतो. अगदी थोडा, हं. पण आपल्याला विचारावं लागतं."

नेव्हिलने फोन ठेवला आणि स्वयंपाकघराकडे वळून बघितले. खिडकीतल्या डबीसमोर त्याची बायको बटाटे सोलत उभी होती. सदतीस वर्षे तो तिच्याकडे बघत आला होता, पण ती इतके पाणी आहे हे त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

परिपत्रक क्रमांक सात: "घरातील सर्व जलयुक्त सजीव अडथळ्यांनी मार्गिकेतून जाताना भिंतीला पाठ लावून आडवे चालावे. खिडकीसमोर नव्वद सेकंदांपेक्षा जास्त उभे राहू नये. स्वयंपाक शक्यतो खाली वाकून करावा."

"जलयुक्त सजीव अडथळा म्हणजे मी का रे?" ग्लेनिसने शांतपणे विचारले. ती इतकी शांत झाली की कुणीही शहाणा माणूस घाबरला असता.

"आपण सगळेच. मी स्वतःला वेगळं काढलेलं नाही. मीही आडवाच चालतो."

आणि खरेच, तो खेकड्यासारखा चालायला लागला होता. आरोग्य ब्याण्णव झाले. मग परिपत्रक क्रमांक आठ आले. संभाषणापूर्वी व संभाषणादरम्यान चहा बंद, कारण चहाने अडथळ्यातील पाणी वाढते.

हे मात्र विनीच्या डोक्यात गेले. "चहाशिवाय डॉरीशी बोलू? काय बोलू, कप्पाळ? जावईबुवा, तिला आता माझे डोळे कुठं आणि नाक कुठं एवढंच कळतंय म्हणते. पुढच्या महिन्यात तेही नाही कळायचं. मला तुझे शंभर गुण नकोत. मला तो आधीचा चौसष्टवाला वायफाय परत दे!"

तिचा आवाज फाटला. नेव्हिललाही वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले, कारण विनीवर त्याचा जीव होता. म्हणूनच तर तो हे सगळे करत होता.

"विनी, शहाण्णव झालेत. फक्त चार राहिले. तुमच्यासाठी चौसष्टवर समाधान मानणारा मी कोण?"

बुधवारी दुपारी ॲपनेच तोडगा सुचवला. "अंतिम जुळवणी. चोवीस तास घरातील हालचाल कमीत कमी ठेवा." बुधवारी चार ते गुरुवारी चार. नेव्हिल आनंदाने आडवा धावत आला.

"मग मी हे चोवीस तास आईकडेच थांबते, मागच्या घरात," ग्लेनिस म्हणाली. "म्हणजे ये-जा नको. तूही तिकडे येऊ नकोस, उगाच मध्ये येशील."

नेव्हिलला भरून आले. "ग्लेनिस, आज पहिल्यांदा तू ही यंत्रणा समजून घेतलीस."

"हो रे, आज अगदी पूर्ण समजली," ग्लेनिस म्हणाली आणि छोटी बॅग उचलून गेली.

नेव्हिल बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसला आणि त्याने हालचाल कमीत कमी ठेवली. सहा वाजता सत्त्याण्णव झाले. झोपायच्या आधी अठ्ठ्याण्णव. सकाळी त्याने न भाजलेल्या पावाला व्हेजिमाइटचा खारट लेप लावला, फोनकडे बघितले आणि त्याचा घास हातातच राहिला. शंभरपैकी शंभर! खाली लिहिले होते: "अभिनंदन. तुमच्या घरात एकही अडथळा नाही."

चारला पाच मिनिटे असताना तो परसातून लांबचा वळसा घालून विनीच्या दाराशी गेला. दार नुसते लोटलेले होते. आत कुणी नव्हते. खुर्ची रिकामी, पलंग आवरलेला, किटली गायब. टेबलावर टॅब्लेट तेवढा होता, आणि बरोबर चारला तो वाजू लागला.

नेव्हिलने बटण दाबले. चित्र असे लख्ख, की कपांतून निघणारी वाफ दिसत होती. होबार्टच्या स्वयंपाकघरात डॉरीन आणि विनी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. मागे ग्लेनिस सरळ, समोर तोंड करून चालत होती.

"काल संध्याकाळच्या बोटीनं आलो," विनी म्हणाली. "तूच म्हणालास ना, आमच्यात पाणी फार? म्हटलं, आपणच बाजूला व्हावं."

डॉरीन विनीच्या गालावरून, कपाळावरून, नाकावरून हळूहळू हात फिरवत होती. विनी हसत होती आणि रडतही होती, आणि तिचे तोंड सारखे हलत होते.

"डॉरीन, हात जरा बाजूला घ्या," नेव्हिल म्हणाला. "हातातही पाणी असतं. थांबा, कुणी हलू नका, मला याचा फोटो काढू द्या!"

"नेव्ह," ग्लेनिस वाकून म्हणाली, "आम्ही हिवाळा इथेच काढणार आहोत. तूही ये. शनिवारी बोट आहे. इथं वायफाय एरवी भिकार असतं, पण माणसाला सरळ चालता येतं."

नेव्हिलला एकाएकी फार एकटे वाटले. येतो, असे म्हणायला त्याने तोंड उघडलेही होते. तेवढ्यात खिशातला फोन किणकिणला: "शंभर गुण! तुमचा अनुभव इतरांना सांगा." उघडे तोंड तसेच राहिले, भुवया वर गेल्या, आणि होबार्टच्या तिघींना वाटले की चित्र गोठले. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि फोन ठेवला.

नेव्हिल विनीच्या खुर्चीत बसला. डब्बोच्या त्या डेसच्या घरात आणखी कोण कोण राहत असेल, हा प्रश्न त्याच्या मनात प्रथमच आला. तो त्याने लगेच घालवला आणि लिहिले: "बसवल्यापासून घरातून एकही तक्रार नाही. प्रत्येक खोलीत पूर्ण सिग्नल. घरात संपूर्ण शांतता. पाच तारे."

त्याने लिहिलेले एक अक्षरही खोटे नव्हते. परवापर्यंत चार हजार शंभर लोकांना तो अभिप्राय उपयोगी वाटला होता. तुम्ही आपल्या घरासाठी डब्या शोधायला लागलात की सगळ्यात वर तोच दिसेल. वाचून झाल्यावर खाली अंगठ्याचे बटण आहे. दाबताना मागून कुणी "चहा घेणार का?" असे विचारले, तर त्यांना म्हणा, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय.