खणात बांधलेला उंट

गेल्या दिवाळीत तानाजीनं लेकीला कुरिअरनं पाठवलेली बाहुली वीतभर होती आणि ती ज्या खोक्यातून आली त्यात चार कोंबड्या निवांत अंडी घालतील. खोक्यात खोकं, त्यात फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, त्यात थर्माकोल आणि शेवटी कडक कवचात तारांनी हातपाय आवळलेली बाहुली. कैद्याला असं बांधत नाहीत. बाहुली तीन दिवसांत मोडली. फुग्याफुग्यांचं प्लास्टिक म्हशीनं खाल्लं. डॉक्टरनं पोट चिरून ते बाहेर काढलं. म्हैस जगली, दूध मात्र आटलं. खोक्यावर हिरव्यागार झाडाचं चित्र छापलेलं होतं. ज्यानं ते छापलं त्याला त्या म्हशीचं शेण काढायला लावलं पाहिजे.

म्हणून यंदा क्रांतीनं नवऱ्याला फोनवर बजावलं, "पोरीला काय आनायचं ते आना. पर खोकं, कागूद, पिशवी, कायबी उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. आलं तर तुमीबी बाहेरच झोपायचं."

तानाजी राजस्थानच्या सीमेवर होता. दहा दिवसांची रजा मिळाली होती. शिवांजली सहा वर्षांची, आणि त्या सहा वर्षांत बाप तिच्या वाट्याला सगळा मिळून वर्षभरही आला नव्हता, तोही तुकड्यातुकड्यानं. फोनवर ती त्याच्याशी पोपटासारखी बोलायची. पण खरा माणूस दारात उभा राहिला की कपाटामागं. मागच्या रजेत ती बाहेर यायला लागली त्या दिवशी तानाजीची गाडी होती. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं. त्यासाठी त्यानं तिकडच्या सुताराकडून लाकडाचा बसका उंट घेतला. मान हलणारा. उंट आपल्या बनियनमध्ये गुंडाळून तो उंब्रजजवळच्या आपल्या गावी आला.

"हे असं बनियनमधनं द्यायचं पोरीला?" क्रांती म्हणाली.

"तूच म्हनलीस ना, कागूद नको."

क्रांतीनं ट्रंक उघडली. ट्रंक खणांनी भरलेली. बाई दारात आली की तिची ओटी भरायची, खण आणि नारळ द्यायचा, ही रीत. तो खण ती शिवत नाही, पुढच्या बाईच्या ओटीत घालते. गावातले निम्मे खण पंधरा-पंधरा वर्षं कुणाच्या अंगाला न लागता नुसते फिरत असतात. क्रांतीनं एक हिरवा खण काढला, उंट त्यात बांधला, वर पक्की गाठ मारली आणि पाडव्याला द्यायचा म्हणून देव्हाऱ्याजवळ ठेवला.

पाडव्याला आंघोळ झाली, ओवाळून झालं. शिवांजली कपाटामागून डोकावत होती. तानाजी देव्हाऱ्याजवळ गेला आणि तसाच परत आला.

"आत्या, हितला खण कुठाय वो?" क्रांतीनं सासूला विचारलं.

"परवा भामाबाई आलती, तिची ओटी भरली की," लीलाबाई म्हणाल्या. "तूच नारळ बांधून ठेवला व्हतास न्हवं?"

"त्यो नारळ न्हवता. उंट व्हता."

लीलाबाईंनी जरा विचार केला. "तरीच हलका लागला. मला वाटलं, आताच्या नारळात पानीच नसतंय."

तानाजी भामाबाईंच्या घराकडं पळाला. घर चार दारं पलीकडं.

"आवं, ओटीतला खण कुनी सोडून बघतंय व्हय?" भामाबाई म्हणाल्या. "आमची पुतनी राणी आलती, तिला दिला. गेली ती उंब्रजला."

"मावशी, पर त्यात उंट हाय."

"मग तिला फोन करून सांगू का, वैरण टाक म्हनून?"

तानाजीनं मोटरसायकल काढली. किक मारतो तर शिवांजली गाडीपाशी उभी. ती त्याच्याकडं बघत नव्हती, हेडलाइटकडं बघत होती.

"उंट माजा हाय," तिनं हेडलाइटला सांगितलं.

त्यानं तिला उचलून पुढं टाकीवर बसवलं. गाडी महामार्गाला लागली. मग ती म्हणाली, "त्यो रडत आसंल का?"

"न्हाई. उंट लय चिवट असतोय. पान्यावाचून आठ-आठ दिस काढतोय."

"आनि खणात?"

"खणात मोजून बघावं लागंल."

उंब्रजला राणीनं कपाळावर हात मारला. "दादा, मी त्यो काल सांजच्याला मंगलवन्संना दिला. त्या म्हसवडला गेल्या."

संध्याकाळी दोघं रिकाम्या हातानं परतले. क्रांती दारातच होती.

"घावला?"

"म्हसवडला हाय."

"बघा, येवढा फिरला पर कचरा झाला का?"

"गिफ्टबी झालं न्हाई," तानाजी म्हणाला आणि जेवायला बसला. शिवांजली त्याच्या ताटातली भाकरी मोडून खात होती. हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या डोक्यात म्हसवड होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून दोघं निघाले. दहिवडीला भजी खाल्ली. तोवर पोरीनं बंदूक किती जड असते, रात्री पहारा देताना शू लागली तर काय करतात आणि उंटाला मिशा असतात का, हे सगळं विचारून घेतलं होतं. तानाजी आयुष्यात एवढा बोलला नव्हता.

मंगलनं पेटीतून हिरवं गाठोडं काढून दिलं. तीन घरं फिरून आलेलं, पण क्रांतीची गाठ जशीच्या तशी.

"सोड की गाठ, बघ तरी," तानाजी म्हणाला.

शिवांजलीनं गाठोडं पोटाशी धरलं. "मग सोडीन."

म्हसवडला आलोच आहोत तर सिद्धनाथाचं दर्शन घेऊ, असं ठरलं. दर्शन झालं. तानाजी चपला आणायला चार पावलं गेला. आला तर पोरीचे हात रिकामे.

"उंट कुठाय गं?"

"हितं एक मावशी बसल्या व्हत्या. त्यांची ओटी भरली."

"आन त्या कुठायत?"

"आटपाडीच्या एसटीत बसल्या. गेली एसटी."

तानाजी पायरीवर बसला. पोरगी त्याच्याजवळ सरकली.

"आटपाडी लांब हाय?"

"हाय की. शोधायला उद्याचा आख्खा दिस जाईल."

"मग बरं हाय."

"अगं, पर त्या बाईचं नाव तरी इचारलंस का?"

"न्हाई," शिवांजली म्हणाली. "मुद्दामच न्हाई इचारलं."