आत्याबाई आणि पडद्यावरचा घोडा

सिनेमातल्या गोऱ्या साहेबाला भर तंबूत "ए मुडद्या" म्हणणारी बाई मी एकच पाहिली. ती माझ्या सासऱ्यांची बहीण, गयाबाई. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. हिंगोलीजवळच्या पुसेगावला माहेरी येऊन त्यांनी भावाची मेंढरं सांभाळली. हातात काठी कधीच नसायची. अडून बसलेल्या एडक्याला विचारायच्या, "काहून रुसला रं?" आणि एडका मुकाट उठायचा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. लोकर विकायला आम्ही हिंगोलीला गेलो आणि नातलगांकडे उतरलो. मैदानात तंबूचा सिनेमा आला होता. सिनेमा मुका, बाजूला एक जण पेटी वाजवायचा. रानातला काळा घोडा धरून आणतात आणि एक टोपीवाला साहेब त्याला माणसाळवतो, एवढीच कथा. साहेबानं दोर आवळला तशा आत्याबाई उभ्याच राहिल्या.

"ए मुडद्या, दोर ढिला सोड! जनावर हाय ते, दगड न्हाई!"

मी नवी नवरी. लाजेनं त्यांचा पदर ओढत होते. तेवढ्यात साहेबानं खरंच दोर ढिला सोडला. घोडा शांत झाला. तंबूत टाळ्याच टाळ्या! आत्याबाई खाली बसत म्हणाल्या, "आयकलं बग त्यानं."

दुसऱ्या दिवशी साहेबानं पुन्हा दोर आवळला.

"काल सांगितलं व्हतं न्हाई का तुला?"

तंबूवाले मियाँ धावत आले. "अम्मा, इत्ता काय कू चिल्लाते?" पण लोकांनी त्यांनाच गप्प केलं. मग मियाँनी आत्याबाईंना रोज फुकट बसवलं. साहेब दोर आवळायचा तिथं पेटीवालाही त्यांच्यासाठी थांबायचा.

निघायच्या आदल्या दिवशी त्या भिजवलेले हरभरे फडक्यात बांधून मियाँकडे गेल्या.

"चित्र हाय, ठावं हाय मला. पण घोडं कुठून तरी आणलंच असंल की. त्याला पोचतं करा."

मियाँ आधी हसले. मग हळूच म्हणाले, "अम्मा, पिच्चर बहोत पुरानी है. वो घोड़ा तो कब का मर गया होयेंगा."

आत्याबाई फडकं घेऊन माघारी वळल्या. वाटेत एका टांग्याच्या घोड्यापुढं त्यांनी फडकं सोडलं.

त्या संध्याकाळी येणार नाहीत असं मला वाटलं. पण आल्या. साहेबानं दोर आवळला. पेटी थांबली. सगळा तंबू बायकांच्या बाजूला वळून बघू लागला. त्या गप्प.

"आत्याबाई, सांगा की त्याला," मी म्हटलं.

"नगं पोरी." पडद्यावर घोडा दोराला हिसके देत गोल गोल पळत होता. "कसा पळून राहिला बग. त्याला अजून ठावं न्हाई."

अंधारात त्यांनी माझा हात धरला, आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.